कोणाचे मूल?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून वसतिगृहाची डागडुजी, विवाहखर्चाची मर्यादा, शिष्यवृत्त्या, आजारी सभासदांस साहाय्य अशा विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. आज आम्ही ज्या विषयावर बोलण्यास उभे आहोत तो कार्यक्रमपत्रिकेत ‘बालकल्याण’ या एका शब्दात छापला आहे. शब्द इतका सौम्य आहे की तो वाचून कोणाच्याही मनात खळबळ होऊ नये. तथापि या शब्दाच्या पोटात मारलेली मुले आहेत, टाकलेली मुले आहेत, आणि आपण परत पाठविलेला एक अर्जही आहे. त्या अर्जापासूनच आरंभ करतो.

गेल्या वर्षी आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे इयत्ता आठवीतील एका मुलीचा अर्ज आला. गुण उत्तम, घरचे उत्पन्न बेताचे, वडील संस्थेचे कित्येक वर्षांचे सभासद. मुलगी सहा वर्षांची असताना या दांपत्याने तिला रीतसर दत्तक घेतले होते. तिच्या जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून याच दोघांची नावे आहेत, आणि तेवढा एक कागद जोडला असता तरी अर्ज बिनबोभाट मंजूर झाला असता. परंतु हे गृहस्थ सरळ स्वभावाचे. आपल्या घरी लपविण्यासारखे काही नाही, या भावनेने त्यांनी न्यायालयाच्या आदेशाची प्रतही जोडली. ती पाहून समितीने नियमावली उघडली. ‘सभासदाच्या कुटुंबात जन्मलेल्या विद्यार्थ्यास’ असे शब्द तेथे आहेत. ‘जन्मलेल्या’ या शब्दावर बोट ठेवून अर्ज परत पाठविण्यात आला. परतीच्या पत्रावर तिघांच्या सह्या आहेत. त्यांतील एक आमची आहे.

ही गोष्ट प्रारंभीच सांगितली, कारण पुढे जे बोलणार आहोत ते दुसऱ्यांच्या चुका दाखविण्यासाठी नव्हे. आम्ही सरकारने नेमलेल्या एका जिल्ह्याच्या बालकल्याण समितीवर तीन वर्षे काम केले आहे. असंख्य मुलांची कागदपत्रे आमच्या हातांखालून गेली. असे असूनही आपल्या स्वतःच्या संस्थेच्या टेबलाशी बसल्यावर लेखणी उचलताना आम्ही क्षणभरही थांबलो नाही. सवय माणसाला किती आंधळे करते, याचे हे घरचेच उदाहरण होय.

वस्तुतः ‘दत्तक’ हा शब्द आपल्या समाजाला मुळीच नवा नाही. आमचे स्वतःचे पणजोबा दत्तक होते. निपुत्रिक चुलत्याने भावाचा मुलगा मांडीवर घेतला, आणि आज आम्ही जे आडनाव लावतो, ज्या वाड्याचे चौथे हिश्शेकरी म्हणून भांडतो, ते सर्व त्या एका विधीतून आलेले आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी वंशावळ आहे, त्यांनी ती उलगडून पाहावी. दर तीनचार पिढ्यांआड एखाद्या नावापुढे ‘दत्तक’ अशी नोंद सापडतेच. मोठ्या घराण्यांची तर गोष्टच निराळी. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला बारा वर्षांचा गोपाळ १८७५ साली बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांनी दत्तक घेतला, आणि त्याचे सयाजीराव महाराज झाले. १८८४ साली कागलच्या घाटग्यांचा मुलगा कोल्हापूरच्या गादीवर आला, तेच राजर्षी शाहू छत्रपती. महाराष्ट्राने ज्यांचा अभिमान बाळगावा असे हे दोन राजे, आणि दोघेही दत्तक!

परंतु या सर्व दत्तकांत एक गोष्ट समान होती. मूल घेतले जाई ते घराण्याच्या सोयीसाठी. गादी रिकामी राहू नये, जमीन भाऊबंदांत वाटली जाऊ नये, पिंडदानाला अधिकारी असावा, हा हेतू. म्हणून जुन्या धर्मशास्त्रात मुलगाच घेता येई. सामान्यतः मुलगी नाही. तो सजातीय असावा लागे. आणि देण्याचा अधिकार केवळ मातापित्यांना असल्यामुळे ज्याला आईबापच नाहीत असा अनाथ मुलगा दत्तक जाऊच शकत नसे. ज्याला घराची सर्वांत अधिक गरज, त्यालाच दार बंद! मुंबई इलाख्यातल्या शास्त्राने इतर बाबतींत मोठी मोकळीक दिली होती. येथे विधवेस पतीची पूर्वानुज्ञा नसतानाही दत्तक घेता येई, इतकेच नव्हे तर विवाहित, लेकुरवाळा गृहस्थही दत्तक जाऊ शके. पण पायरीवर ठेवलेल्या अर्भकाचा विचार त्या शास्त्रात नव्हता.

तो विचार ज्यांनी केला ते शास्त्री नव्हते. १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवेने गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. त्यांनी १८७४ साली अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९० साली जोतीराव निवर्तले तेव्हा दत्तकपुत्राने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, असे चरित्रकार सांगतात. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंचा अंत झाला. टिटव्याला हरकत घेणाऱ्या भाऊबंदांची नावे आज कोणास ठाऊक आहेत?

पंढरपुरासही १८७५ साली लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकाराने प्रार्थनासमाजाचे अनाथ बालकाश्रम सुरू झाले. वारीच्या निमित्ताने त्या क्षेत्री येणाऱ्या अडलेल्या स्त्रिया तेथे मुले ठेवून जात. ते आश्रम वा. बा. नवरंगे यांच्या नावाने पुढेही चालत राहिले. आपल्यातील कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या वारी आहे. पंढरीला जाऊन चंद्रभागेत स्नान केले, कळसाचे दर्शन घेतले, बुक्का आणला. पण त्या आश्रमाच्या दारावरून जाऊन आल्याचे निदान आमच्या घरात तरी कोणी कधी सांगितले नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा पुढे गेला. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलगी दत्तक घेण्याचा मार्ग खुला केला, पत्नीची संमती अवश्य ठरविली, आणि दत्तहोमाची सक्तीही ठेवली नाही. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, मूल सजातीय असण्याची अट त्या कायद्यात नाही. १९६२ साली त्यात दुरुस्ती होऊन टाकलेल्या किंवा आईबाप अज्ञात असलेल्या मुलास न्यायालयाच्या परवानगीने पालकाकडून दत्तक देता येऊ लागले. ज्याचे जन्मदाते ठाऊक नाहीत असे मूल हिंदू म्हणून वाढविले असेल तर ते हिंदूच, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. म्हणजे ‘याचा धर्म कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्याने साठ वर्षांपूर्वीच देऊन टाकले आहे. आपण मात्र अजून तोच प्रश्न विचारीत बसलो आहोत.

आता आजची व्यवस्था. हिचा पाया २०१५ चा बालन्याय कायदा होय. त्यापूर्वी १९२४ चा मुंबईचा मुलांचा कायदा, पुढे १९८६ आणि २००० चे केंद्रीय कायदे, अशी ती परंपरा आहे. प्रत्येक जिल्ह्यात एक बालकल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत निदान एक स्त्री. अधिकार प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्याचे. बेवारस किंवा संकटातील मूल कोणासही सापडले तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, समितीला अथवा १०९८ या दूरध्वनीवर कळवावे लागते. न कळविणे हा अपराध आहे. अगदी लहान बालक असेल तर ते मान्यताप्राप्त दत्तक संस्थेत ठेवले जाते, वर्तमानपत्रात छायाचित्र देऊन आईबापांचा शोध घेतला जातो. कोणी पुढे न आल्यास दोन वर्षांपर्यंतच्या बालकास दोन महिन्यांच्या आत, मोठ्या मुलास चार महिन्यांच्या आत दत्तकासाठी मुक्त ठरवावयाचे असते. आई स्वतः येऊन मूल स्वाधीन करते तेव्हा तिला फेरविचारासाठी दोन महिने मिळतात.

या दोन महिन्यांविषयी थोडे बोलावेसे वाटते. समितीपुढे अशा मुली येत. सतरा-अठराच्या, कधी त्याहूनही लहान. बरोबर आई किंवा मावशी. बोलणे सगळे मावशी करी. आम्ही मावशीला बाहेर बसविले की मुलगी प्रथम एकच गोष्ट विचारी: ‘बाळाला दूध कोण पाजणार?’ आपल्याकडे अशा आईला निष्ठुर म्हणण्याची रीत आहे. जिने कचराकुंडीचा रस्ता सोडून सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढण्याचे धैर्य केले, तिला आणखी काय करावयास हवे होते, हे आम्हांला त्या तीन वर्षांत कोणी सांगितले नाही.

मात्र समितीपुढे येणारी बहुसंख्य मुले टाकलेली नसत. ती घरांतून येत. आपल्यासारख्या घरांतून. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास खात्याने २००७ साली तेरा राज्यांतील बारा हजारांहून अधिक मुलांची पाहणी प्रसिद्ध केली होती. तीन मुलांमागे दोघांना शारीरिक छळ सोसावा लागला होता, आणि त्यांतला पुष्कळसा घरात, आईबापांच्याच हातून. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला. हे आकडे ऐकून आपल्या मनात पहिला विचार येतो तो ‘आपल्यात नाही हो असे’ हा. तोच विचार आमच्याही मनात होता.

एका मुलीची हकीगत सांगतो. समितीपुढे आलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास कायद्याने मनाई आहे आणि आमचीही तशी इच्छा नाही; म्हणून खुणेचे तपशील बदलले आहेत. वडील वारलेले, आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला. सातव्या वर्षी शहरातल्या नातेवाइकांनी मुलीला ‘शिकायला’ म्हणून घरी आणले. घर सुखवस्तू. दारात मोटार, दिवाणखान्यात सत्यनारायण. मुलगी पहाटे पाणी भरी, भांडी घाशी, धाकट्या मुलाला सांभाळी, आणि वेळ उरला तर शाळेत जाई. दहाव्या वर्षी एक दिवस वर्गात बाईंनी तिला फळ्यावर गणित सोडविण्यास बोलाविले. खडू उंच धरताना बाही मागे सरली आणि कोपराखाली उलथन्याचा डाग दिसला. एक जुना, एक ओला. बाईंनी मुख्याध्यापकांस न विचारता, मधल्या सुट्टीत १०९८ फिरविला.

चौकशी झाली तेव्हा इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाला ठाऊक होते असे निघाले. त्यांत दोन बिऱ्हाडे आपल्या समाजाची. त्यांचे म्हणणे असे, की नातेवाइकांनी अनाथ पोरीला आधार दिला आहे, आपण मध्ये पडून तो मोडायचा कसा? ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने त्याचा छळ केल्यास बालन्याय कायद्याच्या ७५ व्या कलमाने तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. आणि लैंगिक अत्याचार ठाऊक असून न कळविणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने स्वतंत्र अपराध आहे. ही कलमे आम्ही त्या शेजाऱ्यांना वाचून दाखविली. त्यांतील एक गृहस्थ म्हणाले, ‘अहो, पण त्यांच्याशी आमचा घरोबा आहे.’ त्या मुलीशी मात्र कोणाचाच घरोबा नव्हता.

पुढे तिचे काय झाले? आई सांभाळण्यास असमर्थ होती. बालगृहात ठेवणे हा शेवटचा उपाय. शोध घेता घेता वडिलांची थोरली बहीण सापडली. एका तालुक्याच्या गावी राहणारी, निवृत्त अंगणवाडी सेविका, दोन खोल्यांचे घर. आत्याबाई म्हणाल्या, ‘मला आधी कोणी विचारलेच नाही.’ समितीने मुलीला त्यांच्याकडे दिले आणि बालसंगोपन योजनेत तिची नोंद झाली. आज ती मुलगी दहावी होऊन पुढे शिकत आहे. डाग अर्थात तसेच आहेत.

ही बालसंगोपन योजना आपल्या राज्यात २००५ पासून आहे आणि आता तिला सावित्रीबाईंचे नाव दिलेले आहे. ज्या मुलांचे आईबाप नाहीत, किंवा दोहोंपैकी एक नाही, किंवा असूनही आजार, तुरुंग, दारिद्र्य अशा कारणाने सांभाळू शकत नाहीत, त्यांना संस्थेत न धाडता कुटुंबातच वाढवावे, हा तिचा उद्देश. प्रारंभी दरमहा ४२५ रुपये मिळत. ती रक्कम वाढून ११०० झाली आणि २०२३ साली २२५० झाली. बावीसशे पन्नास रुपयांत मूल वाढत नाही, हे येथील प्रत्येक गृहिणी जाणते. तथापि वही, गणवेश, बसभाडे यांचा भार उचलला जातो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाची कोठेतरी नोंद राहते, कोणीतरी अधूनमधून दार ठोठावून ‘कसे आहे?’ असे विचारते. कोरोनाच्या साथीत आपल्याही समाजातील काही मुले पोरकी झाली. त्यांच्यासाठी संस्थेने एकरकमी मदत दिली, छायाचित्र काढले, स्मरणिकेत छापले. परंतु त्यांचे अर्ज या योजनेत भरून द्यावेत, हे आपल्यापैकी कोणास सुचले नाही. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात हा अर्ज मिळतो. पात्र मुले असतील तर तो भरून देण्याचे काम आम्ही स्वतः करू.

संगोपन आणि दत्तक यांत फरक आहे, तो पुष्कळांना ठाऊक नसतो. संगोपनात मूल आपल्या घरी राहते, पण कायद्याने ते आपले होत नाही. मूळ कुटुंब सावरले तर परत जाते. रक्ताचे नाते नसलेल्या कुटुंबालाही असे मूल सांभाळावयास घेता येते. सहा वर्षांवरील ज्या मुलांना दत्तक घेण्यास कोणी येत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मुख्यतः आहे, आणि दोन वर्षे नीट सांभाळल्यावर त्याच मुलाला दत्तक मागता येते. आपल्यातील कित्येक जोडप्यांची मुले परदेशी गेली, घरे मोकळी पडली आहेत. साठीच्या आतबाहेरची, धडधाकट, शिकलेली माणसे दुपारभर दूरचित्रवाणीपुढे बसलेली आम्ही पाहतो. (आम्हीही त्यांतलेच.)

दत्तकाची स्थिती तर फारच विलक्षण आहे. देशात नोंदणी करून मुलाची वाट पाहणारी कुटुंबे तीस हजारांहून अधिक, आणि २०२४-२५ या एका वर्षात दत्तक गेलेली मुले साडेचार हजारांच्या आसपास. वाट पाहणे तीन-तीन वर्षांवर जाते. तरीही संस्थांत मुले आहेत आणि त्यांना कोणी नेत नाही. कारण सर्वांना हवे असते ते वर्षाच्या आतले, गोरेगोमटे, निर्दोष बालक. पाच वर्षांचा मुलगा, दोन भावंडांची जोडी, एका कानाने कमी ऐकणारी मुलगी यांच्याकडे पाहुणे येतात, चॉकलेट देतात आणि जातात. मुलांना ते कळते. एका बालगृहात आठ वर्षांचा एक मुलगा पाहुणे आले की आपणहून पलंगाखाली जाऊन बसत असे. आम्हीही त्याला वाकून पाहिले आणि पुढच्या खोलीत गेलो.

व्यवहाराच्या गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण संमेलनानंतर प्रत्येक वेळी कोणीतरी बाजूस घेऊन विचारतेच. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संकेतस्थळावर होते. सामाजिक कार्यकर्ता घरी येऊन अहवाल करतो. विवाहास दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांच्या आतील बालक हवे तर पतिपत्नींच्या वयांची बेरीज ८५ च्या वर जाता कामा नये. आठ वर्षांवरील मुलासाठी ही मर्यादा ११० आहे. एकट्या स्त्रीस मुलगा वा मुलगी दोन्ही घेता येतात. एकट्या पुरुषास मुलगी घेता येत नाही. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देई; १ सप्टेंबर २०२२ पासून हा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. त्यानंतर दोन वर्षे दर सहा महिन्यांनी विचारपूस होते.

आणि कोणी ‘ओळखीच्या डॉक्टरांकडे एक बाळ आहे, आपल्याच जातीचे आहे’ असे कानात सांगू लागला तर तेथून उठावे. असे मूल परस्पर घेणे व देणे हा कारावासास पात्र अपराध आहे, आणि पैसे घेऊन दिले तर ती मुलाची विक्री ठरते. ‘आपल्याच जातीचे’ हे शब्द अशा सौद्यात भाव वाढविण्यासाठी वापरले जातात, हे आम्ही कागदोपत्री पाहिले आहे. आपली ही हौस दलालांना पुरती ठाऊक आहे.

जात ठाऊक नसणे म्हणजे काय, याचा विचार आपण कधी करीत नाही. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडलेल्या मुलाला प्रत्येक अर्जात तो रकाना भरावा लागतो. त्याच्याकडे खुल्या वर्गाचा पैसा नाही आणि मागास वर्गाचा दाखला नाही. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली अनाथांसाठी शिक्षण व नोकरीत एक टक्का आरक्षण ठेवले, ते याच अडचणीतून. रकाना आम्हां सर्वांच्या सोयीसाठी निघाला, आणि काही मुले त्याच्या बाहेर राहिली.

आता पुन्हा त्या अर्जाकडे येतो. अर्ज परत गेल्यानंतर दीड महिन्याने त्या मुलीचे वडील आम्हांस एका लग्नात भेटले. तक्रार केली नाही. पंक्तीत शेजारी बसले, वाढप्याकडून आमच्यासाठी मठ्ठा मागविला. उठताना एवढेच म्हणाले, ‘ती विचारते की बाबा, पत्रात आपले नाव चुकले होते का? मी हो म्हणालो.’

त्या रात्री आम्ही बालन्याय कायद्याचे ६३ वे कलम काढून वाचले. पूर्वी ते दहा वेळा वाचले होते. दत्तकाचा आदेश झाला की ते मूल दत्तक मातापित्यांचे होते, जणू त्यांच्याच पोटी जन्मले असावे अशा रीतीने, वारसाहक्कासह सर्व प्रयोजनांसाठी. असा त्याचा आशय आहे. म्हणजे ज्या शब्दावर आम्ही तिघांनी बोट ठेवले, त्याच शब्दाने कायदा त्या मुलीला तिच्या आईबापांच्या स्वाधीन करतो. आपला नियम जसा आहे तसाच ठेवला तरी तो अर्ज योग्य होता. नियम चुकला नव्हता; वाचणारे चुकले होते.

काही वडीलधाऱ्या मंडळींचे म्हणणे आमच्या कानावर आले आहे. ज्ञातिसंस्था ही ज्ञातीची. उद्या कोणीही कोणाचेही मूल आणील आणि निधीवर हक्क सांगेल. शिवाय कुलवृत्ताचे पुढील वर्षी पुनर्मुद्रण आहे, त्यात या नोंदी कशा घ्यावयाच्या? या शंकेची आम्ही थट्टा करणार नाही. ज्यांनी चिंचवडापासून गोव्यापर्यंत फिरून, देवळांतल्या वह्या चाळून ती कुलवृत्ते सिद्ध केली त्यांचे श्रम मोठे आहेत. पण त्याच कुलवृत्तात आमच्या पणजोबांची नोंद आहे. ती करताना त्यांना कोणी निधीतून वगळले नाही, पंक्तीतून उठविले नाही. शास्त्रानेही दत्तकाला घेणाऱ्याचे गोत्र दिले. तेव्हा मुलगा भावाचा होता आणि आता मुलगी अज्ञात घरची आहे, एवढाच भेद उरतो. तो भेद ज्यांना महत्त्वाचा वाटतो त्यांनी उद्याच्या सभेत उभे राहून तसे सांगावे. परतीच्या पत्राआड राहू नये.

उद्या सकाळी दहा वाजता सर्वसाधारण सभा आहे. विषयपत्रिकेवर नवव्या क्रमांकावर आमचा ठराव आहे. त्याचे तीन भाग आहेत. शिष्यवृत्तीच्या नियमात ‘सभासदाच्या कुटुंबात जन्मलेल्या’ याऐवजी ‘सभासदाच्या कुटुंबातील, तसेच सभासदाने कायदेशीररीत्या संगोपनास घेतलेल्या’ असे शब्द घालावेत. कुलवृत्ताच्या नव्या आवृत्तीत दत्तक मुलामुलींची नोंद इतर अपत्यांप्रमाणेच व्हावी, आणि ‘दत्तक’ हा शब्द घालावा की नाही हे त्या कुटुंबास विचारून ठरवावे. गेल्या वर्षी परत केलेला अर्ज त्याच तारखेचा धरून मंजूर करावा व तसे पत्र त्या मुलीच्या नावे पाठवावे. तिसऱ्या भागाच्या पत्राचा मसुदा आम्ही लिहून आणला आहे. आधीच्या पत्रावर सही करणाऱ्या दुसऱ्या दोघांनाही तो दाखविला आहे. एकांनी सही केली, दुसऱ्यांनी विचार करून सांगतो म्हटले आहे.

सूचक म्हणून आमचे नाव आहे. आपल्या घटनेप्रमाणे ठरावास अनुमोदक लागतो. तो आम्ही आधी ठरवून आणलेला नाही.